अमेरिकन यादवी युद्धातील दोन्ही बाजूंच्या ध्वजांच्या प्रतिकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटकाचे नेपथ्य, शाळा-महाविद्यालयातील इतिहासाचे प्रदर्शन, अभ्यासिकेची भिंत किंवा निव्वळ संग्रह अशा वेगवेगळ्या कारणांसाठी १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन झेंड्यांच्या प्रतिकृती घेतल्या जातात. या युद्धात एका बाजूला अमेरिकेच्या संघात राहिलेली उत्तरेची राज्ये होती आणि दुसऱ्या बाजूला संघातून फुटून निघालेली दक्षिणेची, म्हणजे ‘कॉन्फेडरेट’ राज्ये. त्या घेताना आणि लावताना ज्या शंका हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रतिकृती घेण्यापूर्वी सर्वांत आधी काय ठरवावे?

तारीख, आणि तीही शक्यतो महिन्यापर्यंत. उत्तरेचा एक झेंडा आणि दक्षिणेचा एक झेंडा अशी ठरीव जोडी या युद्धात कधीच नव्हती. चार वर्षांत उत्तरेच्या राष्ट्रध्वजावरील ताऱ्यांची संख्या बदलत गेली, दक्षिणेने तर राष्ट्रध्वजच तीनदा ठरवला, आणि रणांगणावर प्रत्यक्ष मिरवली जाणारी पलटणींची निशाणे या सगळ्यांहून निराळी होती. ‘यादवी युद्धाचे दोन झेंडे’ म्हणून एकाच पाकिटात विकली जाणारी जोडी बहुतेक वेळा पन्नास ताऱ्यांचा आजचा अमेरिकन ध्वज आणि आयताकृती लाल झेंडा अशी असते, आणि ते दोन झेंडे त्या युद्धात समोरासमोर आले असणे शक्यच नाही.

उत्तरेच्या ध्वजावर तारे किती असावेत?

१८१८ च्या कायद्यानुसार नवे राज्य संघात आले की त्याचा तारा पुढच्या ४ जुलैला ध्वजावर चढत असे. त्यामुळे युद्धाला तोंड फुटले तेव्हा ध्वजावर ३३ तारे होते. कॅन्सस जानेवारी १८६१ मध्ये सामील झाले, म्हणून ४ जुलै १८६१ पासून ३४ तारे आले. वेस्ट व्हर्जिनिया २० जून १८६३ रोजी वेगळे राज्य झाले आणि ४ जुलै १८६३ पासून तारे ३५ झाले. नेवाडाचा छत्तिसावा तारा कायद्याने ४ जुलै १८६५ रोजी आला. तोवर दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करून जवळजवळ तीन महिने लोटले होते.

यातून एक गंमतीदार पेच निर्माण होतो. गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली आणि पस्तिसावा तारा अधिकृत झाला तो लढाई संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणून गेटिसबर्गच्या देखाव्यासाठी ३४ ताऱ्यांचाच ध्वज घ्यावा, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो.

फुटून गेलेल्या राज्यांचे तारे काढून टाकावेत अशी मागणी उत्तरेत झाली होती. पण लिंकन यांनी ती मानली नाही. राज्यांना संघातून बाहेर पडण्याचा अधिकारच नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि तारे काढले असते तर फूट मान्य केल्यासारखेच झाले असते.

तारे ओळीत हवेत की वर्तुळात?

दोन्ही चालतात. ताऱ्यांची मांडणी १९१२ पर्यंत नियमाने बांधलेली नव्हती. सरळ ओळी, एकात एक वर्तुळे, सगळे तारे मिळून झालेला एक मोठा तारा असे अनेक नमुने त्या काळात प्रत्यक्ष शिवले गेले. एप्रिल १८६१ मध्ये जेथे युद्धाला तोंड फुटले त्या फोर्ट समटर किल्ल्यावर उत्तरेचे मेजर रॉबर्ट अँडरसन यांच्या तुकडीने फडकवलेल्या ३३ ताऱ्यांच्या ध्वजात तारे पत्त्यांतील चौकटच्या आकारात मांडलेले होते, आणि ती प्रतिकृती सहज मिळते. किल्ला सोडावा लागला तेव्हा हाच ध्वज अँडरसन यांनी उतरवून सोबत नेला आणि १४ एप्रिल १८६५ रोजी त्याच किल्ल्यावर पुन्हा चढवला. त्याच रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

बाजारात ‘कॉन्फेडरेट झेंडा’ म्हणून मिळणारा आयताकृती लाल झेंडा दक्षिणेचा राष्ट्रध्वज होता का?

नाही. तांबड्या कापडावर पांढऱ्या काठाची निळी तिरपी फुली आणि तिच्यावर तारे ही आकृती दक्षिणेचे लोकप्रतिनिधी विल्यम पोर्चर माइल्स यांनी सुचवली होती, आणि राष्ट्रध्वज म्हणून ती १८६१ मध्ये नाकारली गेली. ती पुढे आली ती रणांगणावरच्या अडचणीमुळे.

२१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनियातील मनॅससजवळ, म्हणजे बुल रनच्या पहिल्या लढाईत, दक्षिणेचे जनरल बोरगार्ड यांना दुपारी आपल्या बगलेच्या दिशेने एक फौज येताना दिसली. वारा पडलेला होता आणि तिचे निशाण काठीला लपेटून लोंबत होते. दक्षिणेच्या पहिल्या राष्ट्रध्वजावर लाल, पांढरा, लाल असे तीन आडवे पट्टे आणि कोपऱ्यात निळ्या चौकोनात तारे होते. उत्तरेच्या ध्वजाचे रंग आणि ठेवणही तीच. धुरातून, लांबून आणि बिनवाऱ्याच्या हवेत आपले कोण आणि शत्रू कोण हे कळेना. झुळूक आली, निशाण उलगडले, आणि ती ज्युबल अर्ली यांची दक्षिणेचीच तुकडी निघाली. यानंतर बोरगार्ड आणि जोसेफ जॉन्स्टन या दोघा सेनापतींनी स्वतंत्र युद्धनिशाण हवे असा निर्णय घेतला आणि माइल्स यांची आकृती स्वीकारली.

हे निशाण चौरस होते, हे ध्यानात ठेवावे. पायदळासाठी ४८ इंच, तोफखान्यासाठी ३६ इंच आणि घोडदळासाठी ३० इंच अशी बाजूची मापे ठरली होती. नोव्हेंबर १८६१ मध्ये वाटलेल्या पहिल्या रेशमी निशाणांवर तारे बारा होते. डिसेंबरमध्ये केंटकीची भर पडल्यावर ते तेरा झाले. प्रत्यक्षात फुटून निघालेली राज्ये अकराच. केंटकी आणि मिसूरी या दोन राज्यांवर दक्षिणेने केवळ हक्क सांगितला होता.

तीच आकृती आयताकृती रूपात होतीच नव्हती असे मात्र नाही. १८६३ नंतरच्या दक्षिणेच्या नौदलाच्या निशाणात ती आयताकृती आहे, आणि १८६४ मध्ये जॉन्स्टन यांनी आर्मी ऑफ टेनेसी या दक्षिणेच्या सैन्याला दिलेली निशाणेही आयताकृती होती, त्यांना बाहेरचा पांढरा काठ नव्हता. आज तीन फूट बाय पाच फूट मापात छापून विकला जाणारा नायलॉनचा झेंडा या दोहोंपैकी कोणाचीही नेमकी नक्कल नसतो. इतिहासाच्या प्रदर्शनात तो ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग दक्षिणेचे अधिकृत राष्ट्रध्वज कोणते?

पहिला वर सांगितलेला तीन पट्ट्यांचा. तो ४ मार्च १८६१ रोजी अलाबामातील माँटगोमेरी येथे फडकवला गेला. तेव्हा त्यावर सात तारे होते आणि राज्ये येत गेली तसे ते वाढत तेरापर्यंत पोचले. फोर्ट समटरचा देखावा करायचा असेल तर सातच तारे हवेत.

दुसरा १ मे १८६३ चा : सबंध पांढरे कापड आणि कोपऱ्यात युद्धनिशाणाचा चौरस. दक्षिणेचे जनरल स्टोनवॉल जॅक्सन यांच्या शवपेटीवर त्याच महिन्यात हा ध्वज घातला गेला होता. वारा नसला की कोपरा झाकला जाई आणि उरलेले पांढरे कापड शरणागतीच्या झेंड्यासारखे दिसे, म्हणून ४ मार्च १८६५ रोजी त्याच्या बाहेरच्या टोकाला उभा लाल पट्टा जोडण्यात आला. हा तिसरा ध्वज अधिकृत झाल्यापासून जनरल ली यांची ॲपोमॅटॉक्स येथील शरणागती अवघ्या पाच आठवड्यांवर होती. त्यामुळे तेव्हा शिवले गेले त्यांपेक्षा आज त्याच्या प्रतिकृतीच जास्त असाव्यात.

पलटणींच्या निशाणांच्या प्रतिकृती घ्याव्यात का?

ज्यांना इतिहासात खरी गोडी आहे त्यांनी त्याच घ्याव्यात. उत्तरेच्या पायदळाची प्रत्येक पलटण नियमाप्रमाणे दोन रेशमी निशाणे बाळगत असे : एक राष्ट्रध्वज आणि दुसरे गडद निळ्या रेशमावर गरुड रंगवलेले पलटणीचे. दोन्हींची लांबी साडेसहा फूट, काठीकडची बाजू सहा फूट, कडेला पिवळी झालर आणि काठी जवळपास दहा फुटांची. तोफखान्याचे निशाण पिवळे असे. १८६२ पासून ज्या लढायांत पलटणीने कामगिरी केली त्यांची नावे निशाणावर लिहिण्याची मुभा मिळाली. पट्ट्यांवर सोनेरी अक्षरांत लढायांची नावे असलेली प्रतिकृती १८६१ च्या देखाव्यात चालत नाही, ती याच कारणाने. आयरिश ब्रिगेडचे वीणेचे हिरवे निशाण प्रसिद्ध आहे आणि त्याच्या प्रतिकृतीही बऱ्या निघतात.

दक्षिणेच्या पश्चिमेकडील सैन्यात तर तिरप्या फुलीचा पत्ताही नसलेली निशाणे होती. जनरल हार्डी यांच्या तुकड्यांचे निशाण निळे, मध्ये पांढरा गोल असे होते. पोल्क यांच्या तुकड्या निळ्यावर तांबडा उभा-आडवा क्रूस वापरत, तर व्हॅन डॉर्न यांचे निशाण तांबडे असून त्यावर चंद्रकोर आणि तारे होते. १८६४ मध्ये सर्वांना एकच नमुना देण्यात आला, तेव्हा क्लेबर्न यांच्या डिव्हिजनने आपले निळे निशाण सोडले नाही.

निशाणासाठी माणसे जिवावर उदार का होत?

मराठी वाचकाला जरीपटक्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. इथेही भाव तोच होता, पण त्याला रोजच्या लढाईतील एक रोखठोक कारणही होते. बंदुकांच्या धुरात हुकूम ऐकू येत नसत. पलटण पुढे चालली आहे की मागे हटते आहे, रांग कोठे धरायची, हे शिपाई निशाणाकडे पाहून ठरवी. निशाण पडले की रांग विस्कटे. म्हणूनच शत्रूचा नेम आधी निशाण धरणाऱ्यावर असे, आणि तो पडला की त्याच्या रक्षणासाठी नेमलेल्यांपैकी पुढचा माणूस ते उचली.

१८ जुलै १८६३ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट वॅगनरवर चालून गेलेल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीतील सार्जंट विल्यम कार्नी यांनी पडते निशाण उचलले आणि अनेक जखमा होऊनही ते जमिनीला लागू न देता परत आणले. त्याबद्दलचे मेडल ऑफ ऑनर त्यांना १९०० मध्ये मिळाले. शत्रूचे निशाण हिसकावून आणणाऱ्यांनाही हे पदक दिले जाई.

कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणींची वेगळी निशाणे होती का?

होती, आणि संग्रहात ती क्वचितच दिसतात ही खेदाची गोष्ट आहे. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय चित्रकार डेव्हिड बस्टिल बाउझर यांनी अशा अनेक पलटणींची रेशमी निशाणे स्वतः रंगवली. सर्वसाधारण निशाणावर गरुड असे. बाउझर यांच्या निशाणांवर मात्र प्रसंग रंगवलेले असत आणि त्यांत गणवेशातील काळा सैनिक मध्यभागी असे. उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजू मांडताना गुलामगिरीतून सुटून लढायला उभ्या राहिलेल्या माणसांना वगळायचे नसेल, तर उत्तरेच्या बाजूला यांपैकी एखादे निशाण ठेवावे.

मूळ निशाणे आज कोठे आहेत?

बरीचशी निरनिराळ्या राज्यांच्या संग्रहालयांत आहेत. दक्षिणेच्या निशाणांचा मोठा संग्रह रिचमंडच्या अमेरिकन सिव्हिल वॉर म्युझियममध्ये आहे. उत्तरेने जिंकून आणलेली निशाणे परत करावीत असा आदेश १८८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या कारकिर्दीत निघाला. पण माजी सैनिकांनी एवढा गहजब केला की तो मागे घ्यावा लागला. शेवटी १९०५ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ठरावाने ती दक्षिणेच्या राज्यांकडे गेली. २८ व्या व्हर्जिनिया पलटणीचे निशाण मात्र अजून मिनेसोटात आहे. गेटिसबर्गला ते पहिल्या मिनेसोटा पलटणीतील मार्शल शर्मन नावाच्या शिपायाने हस्तगत केले होते. व्हर्जिनियाने मागणी करूनही मिनेसोटाने ते दिलेले नाही.

भांडी पुसण्याचा एक पांढरा टॉवेलही या यादीत घालायला हवा. ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेच्या घोडेस्वाराने तहाचे निशाण म्हणून जो टॉवेल आणला होता, त्याचा तुकडा वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याची प्रतिकृती कोणालाही घरच्या घरी करता येईल.

कापड कोणते निवडावे?

मूळ निशाणे रेशमाची किंवा विरळ विणीच्या लोकरी कापडाची होती. या लोकरी कापडाला बंटिंग म्हणतात. ते मुख्यतः इंग्लंडहून येई. दक्षिणेला ते सुरुवातीला नॉरफोकजवळ हाती लागलेल्या नौदलाच्या गोदामातून आणि पुढे नाकेबंदी चुकवून येणाऱ्या जहाजांतून मिळाले. कापडाच्या टंचाईमुळे रंगही जमेल तसे निघाले. रिचमंडच्या पहिल्या रेशमी निशाणांपैकी काहींचा तांबडा रंग गुलाबीकडे झुकलेला आहे. त्यामुळे भडक, एकसारखा लाल म्हणजे अस्सल, असा समज करून घेऊ नये.

मोकळ्या हवेत लावायचा असेल तर नायलॉन टिकतो, पण तो चकाकतो आणि छायाचित्रात लगेच उघडा पडतो. रंगमंचासाठी किंवा भिंतीसाठी सुती कापड बरे. पैसे मोजायची तयारी असेल तर तारे व पट्टे छापलेले न घेता कापून शिवलेले घ्यावेत. ताऱ्याची कड आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेली आहे ना, तारा पलीकडच्या बाजूलाही तेवढ्याच निगुतीने बसवला आहे ना, आणि काठीकडच्या बाजूला जाड पट्टी आहे ना, एवढे पाहिले तरी कामाचा दर्जा कळतो. पितळी कड्यांऐवजी दोऱ्याने गुंफलेली भोके किंवा बांधायचे बंद असलेली प्रतिकृती त्या काळाला जास्त जवळची वाटते.

‘मूळ’ म्हणून विकली जाणारी निशाणे अस्सल आहेत हे कसे ओळखावे?

चहाच्या पाण्यात बुडवून, कडा जाळून आणि एखादे गोळीचे भोक पाडून जुनेपण आणण्याचा धंदा फार जुना आहे. मशीनची शिलाई दिसली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, कारण १८६० च्या दशकात शिवणयंत्रे सर्रास वापरात होती. नागमोडी यंत्रशिलाई मात्र नंतरची आहे. कृत्रिम धागा असला तर प्रश्नच मिटला. अतिनील दिव्याखाली पांढरा भाग निळसर झगमगला तर कापडावर किंवा ते धुताना वापरलेल्या पावडरीत विसाव्या शतकातील उजाळक द्रव्य आहे असे समजावे. खऱ्या निशाणाला बहुधा वंशावळ असते : कोणत्या पलटणीचे, कोणाच्या हातून कोणाकडे आले. ती नसेल आणि विक्रेता केवळ भोके दाखवत असेल तर पैसे वाचवावेत.

कॉन्फेडरेट युद्धनिशाणाला एवढा विरोध का? ते केवळ इतिहासाचे चिन्ह नाही का?

दक्षिणेची राज्ये फुटली ती गुलामगिरी टिकवण्यासाठी. दक्षिणेचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात, गोऱ्यांपेक्षा काळा माणूस कनिष्ठ आहे हाच आपल्या सरकारचा पाया, असे जाहीरपणे सांगितले होते. विसाव्या शतकात हेच निशाण पुन्हा वर काढले गेले तेव्हा त्याचा हेतू झाकलेला नव्हता : १९४८ मध्ये काळ्यांच्या नागरी हक्कांना विरोध करत वेगळी चूल मांडणाऱ्या दक्षिणेकडील डेमोक्रॅट गटाच्या सभांत ते फडकले, आणि पुढे वंशभेदाच्या बाजूने लढणाऱ्यांनी ते उचलून धरले. जॉर्जियाने १९५६ मध्ये ते आपल्या राज्यध्वजात घातले आणि २००१ मध्ये काढले.

१७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. मारेकऱ्याने हे निशाण मिरवलेली छायाचित्रे पुढे आली आणि १० जुलै २०१५ रोजी साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून ते उतरवले गेले. वॉलमार्ट, ॲमेझॉन आणि ईबे यांनी त्याची विक्री थांबवली. व्हॅली फोर्ज आणि ॲनिन या ध्वज बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादनच बंद केले. मिसिसिपीच्या राज्यध्वजात ते १८९४ पासून होते, ते २०२० मध्ये गेले. त्यामुळे आज चांगली प्रतिकृती मिळते ती मुख्यतः जुन्या लढाया गणवेशासह पुन्हा साकारणाऱ्या हौशी मंडळींसाठी काम करणाऱ्या छोट्या कारागिरांकडे.

संग्रहालयात, अभ्यासात किंवा नाटकात ते दाखवण्याला कोणी समंजस माणूस आक्षेप घेत नाही. घराच्या ओट्यावर, गाडीच्या मागे किंवा टी-शर्टवर ते लावणे ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः शाळकरी मुलांच्या प्रकल्पासाठी असे निशाण विकत घेताना, शिक्षकांशी आधी बोलून घ्यावे.

दोन्ही बाजूंचे ध्वज एकत्र कसे लावावेत?

अमेरिकन ध्वजसंहितेप्रमाणे भिंतीवर दोन ध्वजांच्या काठ्या फुलीसारख्या लावल्या तर अमेरिकन ध्वज त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, असतो आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढे असते. प्रदर्शनात मात्र फुली टाळावी. भेट देणाऱ्याला ती मैत्रीची खूण वाटते, आणि इथे तसे काही नव्हते. दोन्ही ध्वज वेगवेगळ्या फळ्यांवर लावून प्रत्येकाखाली पलटण, ठिकाण आणि तारीख यांची चिठ्ठी लावावी. दक्षिणेच्या ध्वजाखालच्या चिठ्ठीत गुलामगिरीचा उल्लेख टाळू नये.

या युद्धाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि मराठी प्रदर्शनात तो अवश्य दाखवावा. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. त्यांची मागणी मुंबईकडे वळली, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या यांच्या शेअर्सची झुंबड उडाली. प्रेमचंद रायचंद यांचे नाव याच काळात गाजले, आणि आपल्या आईच्या नावाने उभारलेल्या राजाबाई टॉवरला त्यांनी पैसा दिला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. दुसरा धागा वेगळ्या वळणाचा आहे : जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना.

कमी खर्चात एकच जोडी घ्यायची असेल तर कोणती?

१८६१ चा एप्रिल निवडावा : ३३ ताऱ्यांचा समटरचा ध्वज आणि समोर सात ताऱ्यांचा दक्षिणेचा पहिला राष्ट्रध्वज. दोन्ही सहज मिळतात, आणि शेजारी लावल्यावर बुल रनला गोंधळ का झाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गेटिसबर्गच हवे असेल तर ३४ तारे आणि पांढऱ्या काठाचे ४८ इंची चौरस युद्धनिशाण.

प्रतिकृती जपायची कशी?

सुती आणि लोकरी कापडाचा लाल रंग पाण्यात सुटतो आणि पांढऱ्या पट्ट्यांवर उतरतो, म्हणून ती घरी धुऊ नये. मऊ ब्रशने धूळ झटकावी. रंगवलेले रेशीम घडी घातल्यास घडीवर तडकते. ते आम्लरहित कागदात घेऊन जाड नळीवर गुंडाळावे, रंगवलेली बाजू बाहेर ठेवावी. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेल्या सुती ध्वजाला हमखास बुरशी लागते, त्यापेक्षा धुतलेल्या मलमलीत गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावे आणि मधूनमधून हवा द्यावी.